आंबे कुणी लावले, आंबे कुणी नेले

चाहत्यांचा मेळा भरला आहे. जुन्या कार्टूनमालिकांतली पात्रं एकेका टेबलामागे बसून सह्या देताहेत. त्यांतल्या एका टेबलामागे निळ्या अंगाचा आणि चक्क माणसाचे दात असलेला, व्हिडिओ गेममधला सॉनिक बसला आहे. 30 एप्रिल 2019 ला त्याच्यावरच्या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये दिसलेला हाच तो सॉनिक. त्याचे दात बघून प्रेक्षक इतके बिथरले, की दिग्दर्शक जेफ फाउलर यांना काही दिवसांतच पात्राचं रूप बदलत असल्याचं जाहीर करावं लागलं. चित्रपट नोव्हेंबर 2019 वरून फेब्रुवारी 2020 वर गेला, पडद्यावर नवा गोजिरा सॉनिक आला आणि दातवाला सॉनिक नाहीसा झाला. पुढे दुसऱ्याच एका चित्रपटानं त्याला शोधून काढलं, 'अग्ली सॉनिक' असं नाव दिलं, बसायला खुर्ची दिली, बोलायला आवाज दिला.

नाकारलं गेलेलं रूप कुठे जातं? प्रश्न हसवतो, आणि हसू ओसरल्यावरही जागचा हलत नाही.

हा चित्रपट म्हणजे 20 मे 2022 ला डिस्ने प्लसवर आलेला 'चिप अँड डेल: रेस्क्यू रेंजर्स'. ज्या मालिकेवरून तो निघाला, ती 1989 आणि 1990 सालची, 65 भागांची. दोन खारी (चिपमंक म्हणजे पाठीवर पट्टे असलेली अमेरिकेतली खारच), एक चीजवेडा उंदीर, एक हिकमती उंदरीण आणि एक माशी मिळून लहानसहान गुन्ह्यांचा छडा लावतात, एवढाच तिचा मामला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून दिसणाऱ्या 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' याच घराण्यातल्या. अशा मालिकेचा तीस वर्षांनी चित्रपट निघतो, तेव्हा अपेक्षा फारशी नसते. लहानपणीची आठवण नवीन रंगात विकायची, हा धंदा आता सवयीचा झाला आहे. पण दिग्दर्शक अकिवा शेफर आणि लेखक डॅन ग्रेगर व डग मँड यांनी जे केलं ते बघून मोठी माणसं खळखळून हसली, आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणी-चित्रपटासाठीचा एमी पुरस्कारही त्याला मिळाला.

हसू येतं ते एका साध्या कल्पनेतून. या चित्रपटात कार्टूनं ही नट आहेत. 1988 च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'सारखीच ती माणसांच्या शहरात राहतात, भाडं भरतात, काम शोधतात. चिप आणि डेल शाळेपासूनचे मित्र. मालिका गाजत असताना डेलला एकट्याच्या नावावर काहीतरी करावंसं वाटलं, मालिका बंद पडली, मैत्री तुटली. आता चिप विमा विकतो. तो अजून हातानं काढलेल्या चित्रासारखाच सपाट दिसतो. डेलनं मात्र स्वतःवर 'सीजी शस्त्रक्रिया' करून घेतली आहे. त्यामुळे तो संगणकावर घडवलेल्या आजकालच्या पात्रांसारखा गोलाईदार, केसन् केस दिसणारा झाला आहे. दोघं एका चौकटीत शेजारी उभे राहतात तेव्हा अॅनिमेशनची साठ-सत्तर वर्षं शेजारी उभी असतात.

यातली उत्तम गंमत बॉब नावाच्या व्हायकिंगची. या शतकाच्या सुरुवातीला नटांच्या हालचाली टिपून जे निर्जीव डोळ्यांचे चेहरे संगणकावर तयार केले जात, तसा त्याचा चेहरा. तो बोलतोय कुणाशी, बघतोय कुठे, काही कळत नाही. त्याच्या वस्तीचं नावच 'अनकॅनी व्हॅली'. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानव-अभ्यासकानं 1970 साली ही कल्पना मांडली होती: आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडत जाते, पण अगदी जवळ आली आणि किंचित चुकली, की अंगावर शहारा येतो. एका निबंधातली ही कल्पना चित्रपटानं शहरातली एक गल्ली करून टाकली.

*

मूळ चिप-डेल तरी कोणते?

1943 च्या 'प्रायव्हेट प्लूटो' या लघुपटात प्लूटो कुत्र्याला छळणाऱ्या दोन खारी पहिल्यांदा दिसल्या. तेव्हा त्यांना नावं नव्हती, आणि दोघींत फरकही नव्हता. नावं मिळाली 1947 मध्ये, जॅक हॅना यांच्या लघुपटात. अठराव्या शतकातले फर्निचरकार थॉमस चिपेंडेल यांच्या आडनावावरची ती कोटी होती. मग एकाचं नाक काळं झालं, दुसऱ्याचं लाल. एकजण शहाणा झाला, दुसरा वेंधळा. 1989 च्या मालिकेनं त्यांना कपडे घातले. चिपला इंडियाना जोन्ससारखी हॅट आणि जाकीट, डेलला फुलाफुलांचा शर्ट. 2022 मध्ये एकाला विम्याची नोकरी लागली, दुसऱ्याला नवं शरीर मिळालं. चिप-डेलचे आवाजही वेगळे, जॉन मुलेनी आणि अँडी सॅमबर्ग यांचे. गॅजेट या उंदरिणीला मात्र 1989 मध्ये ज्या ट्रेस मॅकनील यांनी आवाज दिला होता, त्यांनीच तेहेतीस वर्षांनी पुन्हा दिला.

म्हणजे आधी रूप आलं, मागून नाव; मग रूप बदललं, नाव राहिलं; आवाज एकाचा बदलला, एकीचा टिकला. यातल्या कशावर बोट ठेवून म्हणायचं, की हाच तो चिप?

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 मध्ये जे महाविद्यालय सुरू केलं त्याचं नाव मिलिंद, आणि त्याचा परिसर नागसेनवन. मराठवाड्यातल्या कितीतरी पिढ्या या दोन नावांच्या सावलीत शिकल्या. मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. दोघांच्या संवादाचा पाली ग्रंथ 'मिलिंदपञ्ह' म्हणून ओळखला जातो, आणि त्यातला मध्यवर्ती पेच हाच आहे: बदलत जाणाऱ्या गोष्टीला आपण एकाच नावानं हाक मारतो, ते कोणत्या अधिकारानं?

नागसेन राजाला त्याच्याच रथाचं उदाहरण देतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू? एकही नाही, आणि हे सगळं काढून टाकलं तर मागे रथ नावाचं काही उरतही नाही. मग तो दिव्याकडे वळतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग दोन वेगळे दिवे का? तेही नाही. एक ज्योत दुसरीला जन्म देत गेली, म्हणून रात्रभर उजेड राहिला. जे पुढे जातं त्याला त्या परंपरेत शब्द आहे नामरूप. नाव आणि रूप, एकमेकांना धरून. कार्टूनपात्राचं याहून नेमकं वर्णन सापडणं कठीण आहे. त्याच्यात आत्मा शोधायला गेलं तर शाई, रंग आणि नटाचा आवाज हाती लागतो. तरी मूल पडद्याकडे बोट दाखवून 'डेल!' म्हणतं, आणि ते चुकत नाही.

त्याच ग्रंथात दुधाच्या मडक्याची एक गोष्ट येते. एकानं गवळ्याकडून दूध विकत घेतलं आणि मडकं त्याच्याकडेच ठेवून गेला, उद्या नेतो म्हणाला. उद्यापर्यंत दुधाचं दही झालं. गिऱ्हाईक म्हणतं, मी दही घेतलं नव्हतं, माझं दूध दे. गवळी म्हणतो, बाबा, तुझ्याच दुधाचं हे झालंय. नागसेन विचारतो, निवाडा कुणाच्या बाजूनं देशील? राजा गवळ्याच्या बाजूनं उभा राहतो.

जुन्या मालिकेचं पुनरुज्जीवन झालं की चिडणारा चाहता हा त्या गिऱ्हाइकासारखा असतो. त्याची चूक काढायची म्हणून हे म्हणायचं नाही. दुधाची ओढ खरी असते. शाळेतून येऊन दप्तर टाकून ज्यांनी ती मालिका पाहिली, त्यांच्यासाठी ती दुपारही त्या दुधातच मिसळलेली असते. पण मडकं तीस वर्षं ठेवून गेल्यावर तेच दूध मिळणार नाही. या चित्रपटाचा प्रामाणिकपणा असा, की तो दह्याला दूध म्हणून विकत नाही. चिप थकला आहे, डेल केविलवाणा झाला आहे, माँटेरे जॅक ऊर्फ माँटी या उंदराचं चीजवेड, जे मालिकेत गंमत होती, ते इथे त्याला कर्जात आणि संकटात लोटणारं व्यसन आहे. म्हणून विनोद लागतो. जुन्याला जसंच्या तसं उभं करण्याचा आव आणला असता, तर तो अनकॅनी व्हॅलीतल्या बॉबसारखा झाला असता: सगळं जिथल्या तिथे आणि डोळे मात्र मेलेले.

*

चित्रपटातला गुन्हा मात्र दुधादह्यापाशी थांबत नाही. शहरातली कार्टूनं गायब होताहेत. त्यांना पळवून, एका यंत्रात घालून, त्यांच्या चेहऱ्यात थोडा बदल करतात. कुणाचं तोंड पुसायचं, कुणाचा रंग फिरवायचा, आणि मग परदेशात नेऊन त्यांच्याकडून गाजलेल्या चित्रपटांच्या स्वस्त, चोरट्या नकला करून घ्यायच्या. आपल्याकडे रेल्वेस्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर सीडीच्या जमान्यात असलं काही मिळायचं, ते आठवून सुरुवातीला हसू येतं. मग त्यातली क्रूरता ध्यानात येते. ज्याचं तोंडच पुसलं, तो आपण कोण हे सांगणार कसा? चोराचा बचाव तयार असतो: हा तो नाहीच, हा दुसराच कुणी आहे.

नागसेनाला हा बचाव ठाऊक होता. आंबे चोरणाऱ्या माणसाची गोष्ट तो सांगतो. पकडला गेल्यावर चोर राजाला म्हणतो, या माणसानं जे आंबे जमिनीत लावले ते मी घेतलेच नाहीत. ते वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. युक्तिवाद तर्काला धरून आहे. कोय कुजली, रोप आलं, झाड झालं, मग फळं लागली. एकही फळ ती कोय नाही. तरी राजा त्याला दोषी ठरवतो, कारण हे आंबे त्या आंब्यांवाचून झालेच नसते.

इथे विचाराला एक महत्त्वाचं वळण मिळतं. तोच की दुसरा, हा प्रश्न नागसेन पदार्थात शोधत नाही. उत्तरदायित्वात शोधतो. रूप बदललं तरी देणं सुटत नाही. आत्मा मानत नसाल तर कर्माचं फळ कुणाला, ही शंका जुनी आहे. डॉ. आंबेडकरांनी, त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बुद्धविचाराच्या अभ्यासकानं भिडलंच पाहिजे असे जे चार प्रश्न मांडले, त्यांतला तिसरा नेमका हाच आहे. दलितांच्या पिढ्यांवर अन्याय झालेल्या समाजात हा प्रश्न पुस्तकी राहू शकत नव्हता. 'ते आमचे पूर्वज होते, आम्ही नव्हे' असं म्हणणाऱ्याला आंबे चोरणाऱ्याचीच गोष्ट ऐकवावी लागते.

*

आणि आता पीटर.

चोरट्या नकलांचा हा कारखाना चालवणारा खलनायक म्हणजे 'स्वीट पीट'. पोट सुटलेला, दाढीचे खुंट वाढलेला, मध्यमवयीन पीटर पॅन. कधीही मोठा न होणारा मुलगा मोठा झाला. त्याची कहाणी तो स्वतःच सांगतो: लहानपणी त्याला पीटरची भूमिका मिळाली, आयुष्यात सगळं सुंदर झालं, मग तो वयात आला आणि त्याला बाहेर काढलं.

हे ऐकताना ज्यांना बॉबी ड्रिस्कॉल ठाऊक होता, ते हसायचे थांबले.

1953 च्या डिस्नेच्या 'पीटर पॅन'ला आवाज दिला तो ड्रिस्कॉलनं. कॅमेऱ्यासमोर त्यानं केलेल्या अभिनयाचाही चित्रकारांनी नमुना म्हणून आधार घेतला. 1937 मध्ये जन्मलेला हा मुलगा डिस्नेचा लाडका बालनट होता. 1950 साली त्याला बालकलाकाराचा विशेष ऑस्कर मिळाला होता, त्याच वर्षी 'ट्रेझर आयलंड'मध्ये तो जिम हॉकिन्स झाला होता. 'पीटर पॅन' फेब्रुवारी 1953 मध्ये झळकला तेव्हा तो सोळाव्या वर्षात होता, आणि लवकरच स्टुडिओबरोबरचा त्याचा करार संपवण्यात आला. पुढे कामं आटत गेली, अमली पदार्थांचं व्यसन लागलं, तुरुंगवास झाला. मार्च 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात एका ओसाड इमारतीत त्याचा मृतदेह सापडला. वय 31. ओळख पटली नाही, म्हणून हार्ट आयलंडवरच्या बेवारसांच्या दफनभूमीत त्याला पुरलं. पुढच्या वर्षाच्या अखेरीस, वडील मरणपंथाला लागलेले असताना, आईनं त्याचा शोध सुरू केला. तेव्हा बोटांच्या ठशांवरून कळलं, की तो बेवारस म्हणजे हा मुलगा.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर अनेक प्रेक्षक-समीक्षकांनी हे साम्य दाखवून दिलं आणि अस्वस्थता बोलून दाखवली. ती रास्त होती. स्टुडिओनं त्याचा जीव घेतला असं कुणी म्हणू नये. व्यसनाला, एकटेपणाला आणि मोठ्या होत्या मुलांना फेकून देणाऱ्या त्या काळच्या हॉलिवूडला अनेक हात होते. लेखकांच्या मनात ड्रिस्कॉल होता की नव्हता, यावरही काही अवलंबून नाही. प्रश्न आहे तो चित्रपटानं त्या कहाणीचं काय केलं, याचा. संपूर्ण पटकथेतलं सर्वांत खरं दुःख खलनायकाच्या तोंडी दिलं, आणि मग त्याला हरवण्याच्या धांदलीत ते दुःख टाकून दिलं. अग्ली सॉनिकला खुर्ची मिळाली. चीजवेड्या माँटीसाठी जुने सोबती धावून आले. पीटला मात्र कुणी विचारलंच नाही, की बाबा, तुला बाहेर काढलं तेव्हा आम्ही कुठे होतो.

नागसेनाच्या दृष्टान्तांत विस्तवाचीही एक गोष्ट आहे. थंडीत एकानं शेकायला जाळ केला आणि तो न विझवता निघून गेला. जाळ पसरत शेजाऱ्याच्या शेतापर्यंत पोचला. तो म्हणतो, मी पेटवला तो विस्तव वेगळा, शेत जाळलं तो वेगळा. राजाला हे पटत नाही. 1923 साली सुरू झालेली कंपनी आज वॉल्ट डिस्नेंच्या हयातीत होती तशी राहिलेली नाही. वॉल्ट 1966 मध्ये गेले, माणसं गेली, यंत्रं बदलली, मालकी पसरली. तरी 1943 ची खार आमची, असं ती म्हणते, आणि कायदा ते मान्य करतो. मग 1953 चा पोरगाही तिच्याच परंपरेत येतो. ज्योत मागच्या ज्योतीचा उजेड घेते. तिच्या काजळीला परकं म्हणण्याची सोय तिला नाही.

एका नावानं देणं पुढे कसं न्यायचं, हे पीटर पॅनच्याच बाबतीत घडून गेलं आहे. मूळ लेखक जे. एम. बॅरी यांनी 1929 मध्ये पीटर पॅनचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. 1988 च्या ब्रिटिश कायद्यानं तर स्वामित्वहक्काची मुदत संपल्यानंतरही तिथलं मानधन कायम त्या रुग्णालयाला मिळेल अशी तरतूद केली. नाटक, पुस्तक, चित्रपट, कितीही रूपं बदलोत, पीटरच्या नावाचा एक वाटा आजारी मुलांच्या खाटेपर्यंत पोचत राहतो.

चित्रपटाच्या शेवटी चिप आणि डेल पुन्हा मित्र होतात. एक सपाट, एक गोलाईदार, आणि आता कुणालाही दुसऱ्यासारखं व्हायची घाई नाही. तिथे डोळ्यांत पाणी येतं, आणि ते चित्रपटानं मेहनतीनं कमावलेलं आहे. पुन्हा पाहताना मात्र मन स्वीट पीटच्या कहाणीपाशी अडतं. हॉलिवूडमधल्या व्हाइन स्ट्रीटवर बॉबी ड्रिस्कॉलच्या नावाचा तारा आहे, 1960 साली बसवलेला. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइड इथे वडिलांच्या समाधीशिळेवर त्याचं नाव कोरलेलं आहे. देह मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, हार्ट आयलंडच्या मातीतच आहे.